फुकटच्या ट्विटांचं दशक

ट्विटरने फेब्रुवारी २०२३मध्ये जाहीर केलं, आठवड्याभरात फुकट एपीआय, म्हणजे ट्विटं थेट यंत्राने उतरवून घेण्याची वाट, बंद. मुदत थोडी लांबली, एपीआय मात्र गेलाच. पुढच्या वर्षी १४ ऑगस्टला मेटाने फेसबुकवरच्या सार्वजनिक मजकुराचा माग काढणाऱ्या क्राउडटँगललाही टाळं लावलं. ऑनलाइन मजकुरावर समाजशास्त्र करणाऱ्यांच्या हाती उरल्या आयडींच्या फायली. ट्विटांचा मजकूर सरसकट वाटायला परवानगी नव्हती, म्हणून अभ्यासक एकमेकांना नुसते क्रमांक द्यायचे. मजकूर ज्याचा त्याने ट्विटरकडून उतरवून घ्यायचा. आता त्या क्रमांकांचं काय लोणचं घालायचं?

मजकुरातले शब्द मोजून भावना ओळखण्याचा ट्विटरआधीचा इतिहास कंटाळवाणा आहे, तो सोडतो. या उद्योगाला बहर आला २०११च्या सुमारास, ट्विटांमुळे. त्या वर्षी स्कॉट गोल्डर आणि मायकेल मेसी यांनी ‘सायन्स’मध्ये ८४ देशांतल्या सुमारे २४ लाख लोकांची ट्विटं तपासून दाखवलं, की माणसाचा मूड सकाळी चढा असतो, दिवसभरात उतरतो आणि रात्री पुन्हा वर येतो. दोन-अडीचशे प्रश्नावल्या भरून घेताना चपला झिजवलेल्या आमच्यासारख्यांचे डोळे दिपले. ते दिपणं खोटं नव्हतं. विचारायला न जाता, लोक आपणहून काय बोलतात ते एवढ्या संख्येने याआधी कुणी ऐकलंच नव्हतं.

एव्हाना भविष्यवेत्तेही जमले होते. जर्मनीच्या २००९च्या निवडणुकीत पक्षांचा ट्विटरवरचा उल्लेख आणि मिळालेली मतं जुळतात, असा निबंध गाजला. मग आन्द्रेआस युंगहेर आणि सहकाऱ्यांनी मोजणीतून वगळलेला पायरेट पक्ष आत घेतला, तर तोच पहिला आला. प्रत्यक्षात त्याला मतं होती दोन टक्के! गूगलचं फ्लू-भाकीतही असंच तोंडघशी पडलं. तरी आपल्याकडच्या चर्चासत्रांत सकारात्मक-नकारात्मक ट्विटांच्या हिरव्या-लाल वर्तुळांच्या स्लाइडी फिरतच राहिल्या. नमुना कुणाचा, ट्विट करणारे कोण, खेड्यातल्या बायका त्यात किती, असं विचारलं की ‘तुमची पिढी जरा मागे आहे’ हे ठरलेलं उत्तर. असं म्हणणारे पुढे स्टार्टअपमध्ये गेले. बरंच झालं.

मराठीची तर वेगळीच तऱ्हा. ‘वा! पहिल्याच पावसात रस्ता वाहून गेला, अभिनंदन!’ या वाक्याला शब्दांच्या यादीवरून भावना ठरवणारं यंत्र डोळे झाकून ‘सकारात्मक’ शिक्का मारायचं. ‘सिनेमा वाईट नव्हता’ यातलं ‘वाईट’ त्याला दिसायचं, ‘नव्हता’ त्याच्या गावीही नसायचं. रोमन लिपीत टाइप केलेल्या मराठीत ‘आहे’चं स्पेलिंग माणसागणिक वेगळं, आणि देवनागरी दिसली की यंत्र सरळ हिंदी समजून मोकळं. २०२१मध्ये पुण्याच्या एलथ्रीक्यूब गटाने सुमारे १६,००० मराठी ट्विटांना माणसांकरवी भावनेची लेबलं लावून घेतली, पुढच्या वर्षी त्यांचं महाबर्ट हे मराठी भाषा-मॉडेल आलं, तेव्हा कुठे पायाखाली जमीन आली. त्याच २०२१मध्ये ट्विटरने संशोधकांना जुनं भांडार उघडून दिलं होतं: महिन्याला एक कोटी ट्विटं, फुकट. हा सुकाळ दोन वर्षं टिकला. मग नवं दरपत्रक आलं: शंभर डॉलरना महिन्याला दहा हजार ट्विटं.

म्हणजे यंत्राला खोचकपणा थोडाफार कळू लागला, आणि नेमका तेव्हाच मजकूर कुलुपात गेला. युरोपीय संघाने डिजिटल सेवा कायद्याच्या ४०व्या कलमात संशोधकांना मोठ्या कंपन्यांच्या डेटाची वाट करून दिली आहे. आपल्याकडे असा कायदा नाही, त्यासाठी कुणी आग्रह धरतानाही दिसत नाही.

उलट नवीच टूम निघाली आहे. भाषा-मॉडेललाच म्हणायचं, तू लातूरची पन्नाशीची शेतकरी बाई आहेस, ही प्रश्नावली भर. ते भरतंही, शुद्धलेखनाची एक चूक न करता. परवा एका बैठकीत असा प्रस्ताव आला. खर्चाच्या रकान्यात प्रवासभत्ता शून्य होता, आणि वाखाणला गेला तो नेमका तेवढाच भाग.