शहराची हद्द
शहराचे प्रभाग आखताना नदी, ओढा, लोहमार्ग अशा ठळक खुणा सीमा म्हणून धरतात. प्रत्येक प्रभागाची लोकसंख्या जवळजवळ सारखी असावी लागते. एरवी एकाचे मत भारी व दुसऱ्याचे हलके ठरेल. शहर वाढले की हा नकाशा पुन्हा काढावा लागतो.

१९५० साली स्थापन झालेल्या पुणे महानगरपालिकेत २०१७ साली अकरा व २०२१ साली तेवीस गावे समाविष्ट झाली. गाव शहरात आले की ग्रामपंचायत संपते. नळ, गटारे, रस्ते यांची आशा असते खरी. परंतु करही वाढतो, आणि चावडीवर भेटणारा सरपंच उरत नाही. त्या अकरांपैकी फुरसुंगी व उरुळी देवाची येथील रहिवाशांना तो कर जाचक वाटला. २०२४ साली ही दोन्ही गावे महानगरपालिकेतून वगळून त्यांची स्वतंत्र नगरपरिषद करण्यात आली. तिच्यासाठीही प्रभाग आखावे लागलेच!