चेन जागेवर राहावी म्हणून

सायकलची चेन पडणे ही आपल्याकडे कधीच मोठी बातमी नव्हती. शाळेला निघालेल्या मुलाची चेन पडे. तो सायकल भिंतीला टेकवी, चेन मागच्या फ्रीव्हीलवर आणि पुढच्या दोन-चार दात्यांवर अडकवी, हाताने पायडल फिरवी आणि काळी झालेली बोटे मातीत पुसून पुढच्या वाटेला लागे. त्या बोटांकडे पाहिल्यावर मास्तरांना उशिराचे कारण विचारावे लागत नसे. आपल्या त्या काळ्या, भारदस्त सायकलींना चेनकव्हर असायचे खरे. पण ते चेनला सांभाळण्यासाठी नव्हते. धोतर, पातळ आणि पाटलोण यांना चेनपासून सांभाळण्यासाठी होते.

हीच चेन दगडधोंड्यांच्या उतारावर, ताशी पन्नास किलोमीटरच्या वेगात पडली तर काय होईल? हा प्रश्न मला साठी ओलांडल्यावर पडला आणि तो पाडला माझ्या थोरल्या बहिणीच्या नातवाने. हा मुलगा सोळा वर्षांचा. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात वाढलेला. तिकडे सायकल घेऊन डोंगरमाथ्यावर जायचे आणि वाऱ्यासारखे खाली यायचे, असा एक खेळ आहे. त्याला 'डाउनहिल' म्हणतात. वाढदिवसाला मी पाठवलेल्या पैशांतून त्याला सायकलचे 'चेन गाईड' घ्यायचे होते आणि त्यातही तीन प्रकार होते. फोनवर म्हणाला, "आजोबा, तुम्ही बँकेत लोकांना मशीनसाठी कर्ज द्यायचात ना? मग सांगा, यातलं कुठलं घेऊ?"

तीसेक वर्षे बँकेत काढलेल्या माणसाला कोणत्याही यंत्राची माहिती करून घेण्याची खोड असते. कर्जदार लेथ मागो की तेलाची घाणी, ती कशी चालते आणि कुठे मोडते, हे आधी विचारायचे. मी तेच केले.

या खेळाचा इतिहास फार जुना नाही. सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या मरीन परगण्यात फेअरफॅक्स नावाचे गाव आहे. तिथल्या काही तरुणांनी 1976च्या ऑक्टोबरात एका कच्च्या डोंगरी रस्त्यावर शर्यत लावली. सुमारे साडेतीन किलोमीटरांत चारशे मीटरचा उतार. जो ब्रीझ, गॅरी फिशर, चार्ली केली ही त्यातली पुढे गाजलेली नावे. सायकली होत्या भंगारातून काढलेल्या, जाड टायरच्या. त्यांचा ब्रेक मागच्या चाकाच्या हबमध्ये असे. तो खालपर्यंत येईतो इतका तापे की आतल्या ग्रीसचा धूर होई आणि प्रत्येक फेरीनंतर हबमध्ये नवे ग्रीस भरावे लागे. भरण्याला इंग्रजीत जो शब्द आहे त्यावरूनच त्या रस्त्याचे नाव 'रीपॅक' पडले. पुढे खेळ वाढला. 1990 साली कोलोरॅडोतल्याच दुरँगो गावी माउंटन बाइकची पहिली अधिकृत जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली आणि तीत डाउनहिलही होते.

गंमत अशी की, रीपॅकच्या त्या जुन्या, एका गिअरच्या सायकलींना चेन पडण्याची फारशी धास्ती नव्हती. एकच गिअर म्हटले की चेन ताठ बसवता येते, आणि ताठ चेन सहसा जागा सोडत नाही. गिअर आले आणि चेन सैल झाली. लहान-मोठ्या दातेरी चकत्यांवर चेनने सरकायचे, तर तिला थोडी जादा लांबी हवीच. ती जादा लांबी मागे लोंबणारा, स्प्रिंगचा डिरेलर ओढून धरतो. सपाट रस्त्यावर एवढे पुरते. उतारावर माणूस पायडल मारतच नाही. त्यामुळे चेनच्या वरच्या बाजूला पायाचा ताण नसतो. खाली दगड, मध्ये उड्या; मागचे चाक शॉकअ‍ॅबसॉर्बरवर वीस-वीस सेंटिमीटर वरखाली होते. डिरेलर पुढे-मागे झोके घेतो आणि चेन दोरीवरच्या उड्यांच्या दोरीसारखी हेलकावते. अशा एखाद्या हेलकाव्यात ती पुढच्या दात्यांवरून उतरते.

उतरली तर उतरली, उतारावर पायडल कशाला हवे, असे वाटेल. पण वळणातून बाहेर पडताना वेग पकडायला दोन-चार जोरकस पायडल मारावीच लागतात. सगळे वजन एका पायावर टाकावे आणि तिथे काही अडूच नये. जिन्याची शेवटची पायरी आहे असे समजून पाऊल टाकावे आणि ती नसावी, तसे. घरात जीभ चावली जाते. डोंगरावर माणूस हँडलवरून जातो. शिवाय सुटलेली चेन फ्रेम आणि क्रँक यांच्या बेचक्यात अडकली तर पायडलच जाम होते.

चेन गाईड म्हणजे या चेनची राखण. पायडलांचा आस फ्रेममधून जिथे जातो, तिथे फ्रेमलाच तीन बोल्टांची जागा ठेवलेली असते. या तीन भोकांचे मापही ठरलेले आहे. जुन्या आणि नव्या मापांत फरक असल्यामुळे खरेदीआधी पहिली चौकशी तिचीच करायची. तिथे एक पट्टी बसते. पट्टीच्या वरच्या टोकाला छोटी खिंड असते. दात्यांवर चढणारी चेन तिच्यातून जाते आणि डावी-उजवीकडे सरकू शकत नाही. खालच्या टोकाला रोलर किंवा घसरपट्टी असते. ती चेनला दात्यांभोवती लपेटून ठेवते. मधोमध, चकतीच्या पोटाखाली, टणक प्लॅस्टिकचा संरक्षक असतो. सायकल दगडावर आदळली तर घाव तो झेलतो, दाते नाही.

मग प्रश्न कुठे आला? तो आला 2012च्या सुमारास. एका अमेरिकी कंपनीने पुढच्या चकतीचे दाते एक जाड, एक बारीक, असे आलटूनपालटून कापले. चेनमध्येही एक कडी आतून रुंद आणि एक अरुंद, अशीच रचना असते. जाड दाता रुंद कडीत गच्च बसतो. (म्हणूनच अशा चकतीचे दाते नेहमी सम संख्येत असतात, एक जादा झाला तर दुसऱ्या फेऱ्यात जाड दात्यासमोर अरुंद कडी येईल.) त्याच सुमारास डिरेलरमध्ये क्लच आला आणि त्याचे झोके आवरले गेले. दोन्ही सुधारणा इतक्या गुणकारी ठरल्या की रोजच्या रपेटीसाठी गाईड काढूनच टाकले तरी चालते, असे पुष्कळांना वाटू लागले.

तर पोरापुढचे तीन पर्याय असे: गाईड नकोच, चकतीवर भिस्त ठेवायची, नुसती वरची खिंड बसवायची, तिचे वजन चार-दोन नाण्यांएवढे, किंवा वर खिंड, खाली रोलर आणि मध्ये संरक्षक असे पुरे गाईड घ्यायचे, शंभर-दोनशे ग्रॅमचे आणि किमतीला जड. त्याच्या मित्रांचा कल पहिल्या दोहोंकडे होता. खालच्या रोलरने थोडे घर्षण होते, वजन वाढते, चिखल अडकतो, आवाज येतो. हे आक्षेप खोटे नाहीत.

बँकेत आम्ही दोन गोष्टी वेगवेगळ्या मांडत असू: वाईट घडण्याची शक्यता किती आणि घडलेच तर नुकसान किती. नवी चकती पहिला आकडा खूप खाली आणते. दुसरा आहे तिथेच राहतो. गावाबाहेरच्या टेकडीवर फिरणाऱ्याची चेन वर्षातून एकदा पडली तर त्याचे बोट काळे होईल. त्याला वरची खिंड पुरे, कदाचित तीही नको. डाउनहिल शर्यतीत गोष्ट निराळी. 2009 साली कॅनबेरात स्टीव्ह पीट जगज्जेता झाला तो ग्रेग मिनारपेक्षा पाच शतांश सेकंदाने पुढे राहून. जिथे फरक एवढा, तिथे चेन पडल्यावर उतरून ती बसवण्याला अर्थच नाही. घर्षणाचे म्हणाल, तर उतारावर बहुतेक काम गुरुत्वाकर्षण करते आणि ते फुकट असते. सोळा-सतरा किलोच्या सायकलवर शंभर ग्रॅम वाचवणे म्हणजे लग्नाच्या खर्चात अक्षता मोजून वाटण्यासारखे.

आणखी एक मुद्दा मला महत्त्वाचा वाटला. जोराचा आघात झाला तर मोडायचे कोणी? संरक्षक फ्रेमवर बसला असेल तर घाव फ्रेमच्या त्या तीन बोल्टांवर जातो; क्रँकवर बसला असेल तर क्रँक आणि आतल्या बेअरिंगवर. म्हणून गाईडची पट्टी अशी हवी की वेळ आली तर ती वाकेल, पण फ्रेम वाचेल. घरातला फ्यूज जळतो म्हणून कोणी त्याला नावे ठेवत नाही. जळणे हेच त्याचे काम. त्यासाठी पट्टी, रोलर, खिंडीचे प्लॅस्टिक सुटे मिळते का, हे किमतीच्या आधी विचारावे.

बसवणे हेही कौशल्याचे काम. पातळ चकत्या घालून गाईड चेनच्या रेषेत आणायचे, चेन आणि खिंड यांत जेमतेम मिलिमीटरभर मोकळी जागा ठेवायची. मग शॉकची हवा सोडून किंवा स्प्रिंग काढून मागचे चाक पार वरपर्यंत दाबून पाहायचे. चेन कुठे ताणते, कुठे घासते ते तिथेच कळते. शेवटी पायडल उलटे फिरवून कान द्यायचा. खरखर आली की पुन्हा पहिल्यापासून.

मी हे सारे सांगून "पुरे गाईड घे" म्हणालो. पोरगा हुशार. म्हणाला, "पण आजोबा, एरन ग्विन तर चेनशिवाय जिंकला!" गोष्ट खरी आहे. 2015 साली ऑस्ट्रियात लिओगांगच्या विश्वचषक शर्यतीत ग्विनची चेन सुरुवातीलाच तुटली आणि एकही पायडल कामी न येता तो निसटत्या फरकाने पहिला आला. मी त्याला दोन गोष्टी सांगितल्या. एक, ती चेन तुटली होती, पडली नव्हती. तुटणाऱ्या चेनला कोणतेही गाईड वाचवत नाही, वेळेवर बदललेली चेनच वाचवते. दुसरी, 2010च्या टूर द फ्रान्समध्ये पोर्त द बालेसच्या चढावर अँडी श्लेकची चेन उतरली, त्याचे त्या दिवशी 39 सेकंद गेले आणि पॅरिसला पोहोचल्यावर तो बरोबर 39 सेकंदांनी मागे होता. पुढे 2012 साली अल्बेर्तो कोंतादोर उत्तेजकाच्या प्रकरणात बाद ठरला आणि ते विजेतेपद श्लेकला मिळाले, पण पॅरिसच्या व्यासपीठावरचा तो दिवस परत थोडाच मिळाला? ग्विनची गोष्ट लोक सांगतात, कारण ती एकदाच घडली.

नंतर फोन भाचेसुनेने घेतला. ती इतका वेळ ऐकत होती. म्हणाली, "मामा, चेन पडली नाही म्हणजे हा पडणार नाही, असं आहे का?"

असे नाही, आणि मी तसे सांगितलेही. गाईड चेन सांभाळते, मुलगा नाही. मुलासाठी तोंड झाकणारे हेल्मेट, गुडघ्या-कोपरांची आणि पाठीची कवचे, चांगले ब्रेक आणि चार शहाणी माणसे बरोबर; पैसे आधी तिथे जावेत. ते सारे घेऊन झाले आहे, ती म्हणाली. त्याला खेळू नको म्हणण्याचा विचार करून झाला आहे, तोही सोडून दिला आहे. मग उरते काय? उतारावर त्याच्या हातात असलेल्या शंभर गोष्टींपैकी एकीची काळजी त्याला करावी लागू नये, एवढेच. त्याने पायावर वजन टाकले की पायाखाली काहीतरी असावे.

"मग घेऊ दे," ती म्हणाली. "पुरं असेल तेच घेऊ दे."

गाईड आले. बसवले त्याने स्वतः, दोन संध्याकाळी खर्चून. त्याची आई शेजारी उभी राहून खरखर ऐकत होती आणि पहिल्या संध्याकाळी तिनेच त्याला ते पुन्हा उघडायला लावले.