पाच मिनिटांचा पाठ आणि औषधाचे पिंप

सोलापूरहून पुण्याच्या रस्त्याला लागले की काही अंतरावर चिंचोळीची औद्योगिक वसाहत लागते. तेथे औषधांतील मूळ द्रव्ये बनवणारे कारखानेही आहेत. अशा कारखान्यांत पाळीवर जाणाऱ्यांत आपल्या शाळांतून दहावी-बारावी करून गेलेले विद्यार्थी असतात. शाळा सुटली तरी त्यांचे शिकणे सुटत नाही. औषधाच्या कारखान्यात प्रत्येक कामगाराला नियमांचे प्रशिक्षण घ्यावे लागते आणि ते पुन्हा पुन्हा घ्यावे लागते. ते कसे द्यावे, हा प्रश्न फळ्यासमोर उभ्या राहणाऱ्या आपल्यालाही जवळचा आहे.

नियम कशासाठी?

ग्लिसरीन आपल्या प्रयोगशाळेत असते. रंगहीन, दाट, चवीला गोड. डायइथिलीन ग्लायकॉल हा दुसरा पदार्थही रंगहीन, दाट आणि गोडच असतो. मात्र तो कारखान्यांत वापरायचा द्रव आहे आणि पोटात गेला तर मूत्रपिंडे निकामी करतो. दोन पिंपे शेजारी ठेवली तर नुसत्या डोळ्यांनी फरक कळत नाही. तो कळतो चाचणीने.

१९३७ मध्ये अमेरिकेत सल्फानिलमाइड हे औषध डायइथिलीन ग्लायकॉलमध्ये विरघळवून विकले गेले आणि शंभरहून अधिक माणसे दगावली. १९८६ च्या सुरुवातीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात रुग्णांना दिलेल्या ग्लिसरीनमध्ये हेच विष निघाले. चौदा रुग्ण मरण पावले. चौकशीसाठी न्यायमूर्ती लेन्टिन यांचा आयोग नेमला गेला. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा भागात खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक मुले दगावली. तामिळनाडूत बनलेल्या त्या औषधाच्या सरकारी तपासणीत डायइथिलीन ग्लायकॉलचे प्रमाण ४८.६ टक्के आढळले. चालू शकणारी मर्यादा आहे ०.१ टक्के.

म्हणजे विष तेच, चाचणी माहीत असलेली, तरी सुमारे नव्वद वर्षांत तीच चूक पुन्हा पुन्हा झाली. म्हणूनच औषधनिर्मितीसाठी ‘उत्तम उत्पादन पद्धती’चे नियम आहेत. आपल्या देशात ते औषध नियमांच्या ‘परिशिष्ट एम’मध्ये येतात. त्याचे सुधारित रूप डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर झाले. जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात की प्रशिक्षण सतत चालू राहिले पाहिजे आणि त्याचा प्रत्यक्ष कामात उपयोग होतो की नाही हे वेळोवेळी तपासले पाहिजे.

रजिस्टरमधली सही

पुष्कळ ठिकाणी प्रशिक्षण म्हणजे वर्षातून एखादा दिवस. सभागृहात चार-पाच तास व्याख्यान, पडद्यावर दाट मजकूर आणि शेवटी रजिस्टरमध्ये सही. सही झाली की कागदोपत्री शिक्षण पूर्ण झाले. पण सहा महिन्यांनी रात्रपाळीत, गोदामात पिंप उघडताना, त्यातले कामगाराला काय आठवते?

याचे उत्तर शोधण्याची सुरुवात एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने केली. त्याने स्वतःवरच प्रयोग केले. निरर्थक अक्षरगटांच्या याद्या तो बिनचूक पाठ करी, काही काळ जाऊ देई आणि तीच यादी पुन्हा पाठ करताना किती श्रम वाचले ते मोजी. १८८५ मध्ये त्याने निष्कर्ष प्रसिद्ध केले. वीस मिनिटांनी ५८ टक्के श्रम वाचत, तासाभराने ४४ टक्के, एका दिवसाने ३४ टक्के आणि महिन्याने २१ टक्के. म्हणजे पहिल्यांदा १०० मिनिटे लागली असतील, तर दुसऱ्या दिवशी साधारण ६६ मिनिटे पुन्हा द्यावी लागत.

या आकड्यांत दोन गोष्टी दिसतात. विसरण्याचा वेग सुरुवातीला फार असतो, नंतर मंदावतो. आणि महिन्यानंतरही पाटी पूर्ण कोरी होत नाही. अर्थपूर्ण मजकूर याहून सावकाश विसरला जातो, पण उताराची दिशा तीच असते.

दुसरा धागा २००६ मधला. अमेरिकेतील रोडिगर आणि कार्पिके यांनी विद्यार्थ्यांना दोन उतारे दिले. एक उतारा त्यांनी दोनदा वाचला. दुसरा एकदा वाचला आणि मग न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत दोनदा वाचलेला उतारा पुढे होता, ८१ विरुद्ध ७५ टक्के. आठवड्यानंतर चित्र उलटले. नुसत्या वाचलेल्या उताऱ्यातले ४२ टक्के आठवले, आठवून लिहिलेल्यातले ५६ टक्के. वाचताना ‘मला येते’ असे वाटते. खरोखर येते का, हे आठवू लागल्यावरच कळते आणि आठवण्याच्या त्या धडपडीनेच स्मृती पक्की होते.

लहान पाठ, अंतरा-अंतराने

या दोन गोष्टींवर उभी असलेली पद्धत म्हणजे ‘मायक्रोलर्निंग’. आपण तिला लघुपाठ म्हणू. एका पाठात एकच नियम, वेळ पाच ते दहा मिनिटे, शेवटी एक-दोन प्रश्न आणि काही दिवसांनी त्याच नियमावर पुन्हा प्रश्न.

एक उदाहरण घेऊ. कामाच्या नोंदीत आकडा चुकला तर काय करायचे? खाडाखोड करायची नाही, पांढरी शाई लावायची नाही. चुकलेल्या आकड्यावर एकच रेघ मारायची, जुना आकडा वाचता आला पाहिजे. शेजारी बरोबर आकडा, सही, तारीख आणि गरज असेल तेथे कारण. गुणपत्रकावर गुण दुरुस्त करताना आपणही सही करतोच. एवढा एक नियम पाच मिनिटांत शिकवता येतो. पाळी सुरू होताना चुकीची दुरुस्ती केलेले एक पान दाखवायचे आणि ‘यात काय चुकले?’ असे विचारायचे. तीन दिवसांनी दुसरे पान, मग पंधरवड्याने तिसरे.

हे मोबाइलवरच झाले पाहिजे असे नाही. ज्वालाग्राही द्रावके हाताळतात तेथे मोबाइल नेताच येत नाही. तेथे एक फळा आणि प्रश्न विचारणारा पर्यवेक्षक पुरे. सोलापूरला ही रीत परकी नाही. यंत्रमागावर आलेला नवा मुलगा पहिल्याच दिवशी सगळा माग शिकत नाही. आधी तुटलेला धागा जोडायला शिकतो, मग कांडी बदलायला. रोज म्हटलेल्या पाढ्यांचेही तेच.

लघुपाठाच्या मर्यादा

पण सगळेच तुकड्यांत शिकवता येत नाही. निर्जंतुक खोलीत जाण्यापूर्वीचा पोशाख कसा चढवायचा, हे हाताने करून आणि कोणीतरी पाहत असतानाच शिकावे लागते. नियमामागचे ‘का’ समजायला सलग वेळ लागतो. पिंपाची चाचणी का करायची, हे चौदा मृत्यूंची हकिकत ऐकल्याशिवाय मनावर ठसत नाही. आधी समजून देणारा मोठा पाठ आणि मग ते टिकवणारे लहान पाठ, असा क्रम हवा. आणि पडद्यावर ‘पुढे, पुढे’ दाबत गेले की लघुपाठाचीही रजिस्टरमधली सहीच होते.

आणखी एक गोष्ट स्पष्ट म्हटली पाहिजे. लेन्टिन आयोगाने एखाद्या कामगाराच्या विसराळूपणाकडे बोट दाखवले नव्हते. पुरवठादार, रुग्णालय आणि औषध प्रशासन या सर्वांच्याच कारभारावर त्याने ताशेरे ओढले. कामगाराला चाचणी पक्की आठवते, पण ‘माल आजच गेला पाहिजे’ म्हणून वरिष्ठच ती टाळायला सांगतात, तेथे कोणताही पाठ उपयोगाचा नाही. पिंप थांबवण्याचा अधिकार ज्याला आहे, त्यालाच नियम शिकवण्यात अर्थ आहे.

वर्गात करून पाहा

वर्गाचे दोन गट करा. विज्ञानाच्या पुस्तकातला न शिकवलेला, साधारण पानभराचा भाग घ्या. पहिल्या गटाने तो सात-सात मिनिटे दोनदा वाचावा. दुसऱ्याने सात मिनिटे वाचून पुस्तक मिटावे आणि सात मिनिटांत आठवेल ते लिहावे. त्याच दिवशी दोन्ही गटांतील निम्म्या मुलांची दहा प्रश्नांची चाचणी घ्या. उरलेल्या निम्म्यांची तीच चाचणी पूर्वसूचना न देता आठवड्याने घ्या. सरासरी काढून चारही आकडे फळ्यावर मांडा. वर्ग लहान असेल तर आकडे थोडे इकडेतिकडे होतील, म्हणून वेगळा भाग घेऊन प्रयोग पुन्हा करा.

मग मुलांना विचारा, ‘परीक्षेच्या आदल्या रात्री धडा चारदा वाचावा, की चार दिवस आधीपासून रोज एकदा आठवून लिहावा?’ उत्तर त्यांच्याच आकड्यांत असेल. यांतलाच कोणी उद्या चिंचोळीच्या एखाद्या कारखान्यात पिंपासमोर उभा राहील, तेव्हा ते त्याला उपयोगी पडेल. त्या पिंपातले औषध घेणाऱ्यालाही.