दोन अंमलांच्या हद्दीवरील मंडळी

१८१८ च्या एप्रिल महिन्यात बेळगावचा किल्ला जनरल मन्रोच्या फौजेने घेतला आणि त्यानंतर अवघ्या दोन वर्षांनी, १८२० साली, लंडन मिशनरी सोसायटीचे जोसेफ टेलर या नव्या छावणीच्या गावी येऊन स्थायिक झाले; त्यामुळे येथील प्रॉटेस्टंट मंडळीचा इतिहास छावणीच्या इतिहासापासून विलग करता येत नाही. मद्रासकडील पलटणींबरोबर तमिळ माणसे आली, गावात मराठी आणि कानडी दोन्ही नांदत होत्या, आणि अशा बहुभाषिक वस्तीत पाळकाला एका भाषेने भागण्यासारखे नव्हते. टेलरांच्या मागून आलेल्या विल्यम बेनन यांचे नाव तर पुढे बेनन स्मिथ हायस्कूलच्या रूपाने बेळगावकरांच्या तोंडी कायमचे बसले.

कपिलेश्वराच्या देवळावरून दक्षिणेस गेले म्हणजे शहापूरची पेठ लागते. आज ती बेळगावातच मिसळून गेली आहे. तेव्हा मात्र तो विणकरांचा, सराफांचा आणि व्यापाऱ्यांचा कसबा सांगलीकर पटवर्धनांच्या संस्थानात होता, आणि १९४८ साली संस्थान विलीन होईपर्यंत तेथे संस्थानी अंमल चालला. या हद्दीचा अर्थ धर्मांतर करणाऱ्याच्या दृष्टीने फार मोठा होता. धर्म बदलल्यामुळे कोणाचाही वारसाहक्क बुडू नये असा कायदा कंपनी सरकारने १८५० साली केला. परंतु तो सरकारच्या मुलखापुरता होता, संस्थानास तो आपोआप लागू नव्हता. म्हणजे एकाच पेठेच्या पलीकडे व अलीकडे राहणाऱ्या दोन भावांना, बाप्तिस्मा घेतल्यास, वडिलार्जित घराविषयी निरनिराळे न्याय मिळू शकत होते! मंडळीची वाढ मंद का झाली, असे विचारणाऱ्यांनी ही गोष्ट अवश्य लक्षात घ्यावी.

या मंडळीने मराठी वाङ्मयाला दिलेला पुरुष म्हणजे बाबा पदमनजी. कासार कुटुंबात १८३१ साली बेळगावात जन्मलेल्या या बालकाला बायबलाचा परिचय येथील मिशन शाळेतच घडला. पुढे मुंबईस शिकून १८५४ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो बेळगावी परत येऊन, आप्तस्वकीयांच्या डोळ्यांसमोर. हे धैर्य मला त्यांच्या सर्व ग्रंथांहून मोलाचे वाटते, जरी १८५७ च्या ‘यमुनापर्यटना’ने विधवांचे दुःख मराठी कथेत प्रथम मांडले आणि १८८८ च्या ‘अरुणोदया’ने मराठी आत्मचरित्राला एक नवी वाट दाखविली. पुण्यास ते पाळक झाले ते स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे, म्हणजे प्रेस्बिटेरियन पंथाचे; बिशपाच्या हाती सत्ता न देता मंडळीने निवडलेल्या वडिलांच्या हाती ती देणारी ही पद्धती आपल्या पंचांच्या वहिवाटीला जवळची होती.

त्याच पंथाचा दुसरा प्रवाह उत्तरेकडून आला. रॉयल वाइल्डर १८५२ साली कोल्हापुरास आले, १८७० साली त्यांचे कार्य अमेरिकन प्रेस्बिटेरियन मंडळाने आपल्या छत्राखाली घेतले, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी ते निपाणीपर्यंत पोहोचले. इकडे बेळगावचे क्षेत्र लंडन सोसायटीने १९०४ साली अमेरिकन मेथॉडिस्टांच्या हवाली केले. दूरदेशीच्या मंडळांत झालेल्या या निर्णयाचे परिणाम दीर्घकालीन ठरले. १९७० साली उत्तर भारतातील मंडळ्यांचे ऐक्य झाले तेव्हा मेथॉडिस्ट अखेरच्या क्षणी बाहेर राहिले. कोल्हापूर त्या ऐक्यात गेले, बेळगाव गेले नाही. पाऊणशे किलोमीटरांच्या आसपास अंतरावरील, एकाच मराठीत प्रार्थना करणाऱ्या निपाणी आणि बेळगाव यांच्या मंडळ्यांना अशा रीतीने वेगवेगळ्या धर्मसत्ता लाभल्या. १९५६ सालीच राज्याची सीमा बदलून दोन्ही गावे म्हैसुरात गेली होती, तरी धर्मसत्तांचे हे विभाजन टळले नाही.

हा इतिहास आजवर आपल्याला मुख्यतः मिशनच्या अहवालांतून कळतो, आणि अहवाल हे देणगीदारांसाठी लिहिलेले असतात. मंडळीची स्वतःची साक्ष बाप्तिस्म्याच्या वह्यांत आहे, जेथे नाव, वडिलांचे नाव, गाव आणि धंदा असे रकाने एकापुढे एक भरलेले असतात. ती घरोघरच्या जुन्या बायबलांच्या कोऱ्या पानांवरही आहे, जेथे जन्म आणि मृत्यू एकाच शाईने नोंदलेले सापडतात. शहापूर, बेळगाव आणि निपाणीच्या ज्या कुटुंबांपाशी असे कागद असतील त्यांनी ते वाळवीच्या स्वाधीन न करता त्यांच्या नकला करवून आपल्या देवालयाच्या दफ्तरात ठेवाव्यात, आणि वृद्धांच्या तोंडच्या हकिकती, त्या सांगणारे हयात आहेत तोवर, याच वर्षी लिहून घ्याव्यात.