सायकलच्या वेगाने जाणारा प्रकाश

निर्वातात प्रकाश सेकंदाला सुमारे 3 लाख किलोमीटर धावतो. 1999 मध्ये भौतिकशास्त्रज्ञ लेने हाऊ आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतील केंब्रिजमध्ये, अतिशीत सोडियम अणूंच्या ढगात, प्रकाशस्पंदाचा वेग सेकंदाला 17 मीटरवर आणला. शर्यतीतला सायकलस्वारही उतारावर तो गाठतो!

एरवी हा ढग स्पंदाच्या रंगाचा प्रकाश शोषून घेतो. दुसरा, जुळवलेला लेझर सोडला की अणूंचे शोषण थांबते आणि ढग पारदर्शक होतो. मात्र त्या रंगाभोवतीच्या अरुंद पट्ट्यात अपवर्तनांक झपाट्याने बदलतो. म्हणून स्पंद मंदावतो, आखडतो. शेकडो मीटरांचा स्पंद केसाहून बारीक ढगभागात मावतो.

2001 मध्ये जुळवलेला लेझर मध्येच बंद केला गेला. स्पंदाची माहिती अणूंच्या अवस्थांत उरली. लेझर पुन्हा लावताच प्रकाश परतला. या विषयातला हा सर्वांत विलक्षण प्रयोग.