गृहिणीची विषण्णता

घरांतील एखादी हसतीखेळती सून हळूहळू मुकी होते. अन्नावरची वासना उडते, झोंप येत नाहीं, पोटच्या पोराचें रडणेंही तिला ऐकूं येऊन न आल्यासारखें होतें. आपण म्हणतों, ‘स्वभावच तसा,’ किंवा फार तर, ‘बाळंतरोग असेल.’

मोठमोठ्या डॉक्टरांनींही पूर्वीं याहून फारसें निराळें म्हटलें नव्हतें. अमेरिकन लेखिका शार्लट पर्किन्स गिलमन हिला मुलगी झाल्यावर अशीच विषण्णता आली. १८८७ सालीं फिलाडेल्फियाचे विख्यात मज्जाविकारतज्ज्ञ सायलस वेअर मिचेल यांनीं तिला निजवून ठेवलें, भरपूर खाऊं घातलें, आणि घरीं पाठवितांना बजावलें कीं, संसारांत रमावें, वाचन-चिंतन दिवसाकाठीं दोन तासांवर जाऊं देऊं नये, आणि लेखणीला तर जन्मांत शिवूं नये. सुमारें तीन महिने तिनें हें पथ्य पाळलें आणि वेड लागण्याच्या काठावर पोंचली. मग पथ्य मोडलें, लेखणी धरली, तेव्हां कोठें सांवरली! या अनुभवावरूनच तिनें १८९२ सालीं ‘द यलो वॉलपेपर’ ही कथा प्रसिद्ध केली.

असो. हा झाला एकीचा अनुभव. १९७८ सालीं जॉर्ज ब्राउन व टिरिल हॅरिस यांनीं लंडनच्या कँबरवेल भागांतील स्त्रियांची चौकशी करून एक ग्रंथ प्रसिद्ध केला. आघात तर सर्वांवरच येतात. मग कांहीं स्त्रियाच कां खचतात? त्यांना चार गोष्टी आढळल्या: वयाच्या अकराव्या वर्षापूर्वीं आई जाणें, घरांत चौदा वर्षांखालचीं तीन वा अधिक मुलें असणें, घराबाहेर कांहीं उद्योग नसणें, आणि मन मोकळें करावें असें नवऱ्याशीं वा दुसऱ्या जिवलगाशीं नातें नसणें. ही शेवटली गोष्ट मला सर्वांत बोलकी वाटते. आपल्या गोतावळ्याच्या घरांत बोलावयास माणसें मुबलक; पण सांगावयास कोण? नातें टिकावें म्हणून स्त्री आपला राग व मत गिळते आणि त्या गिळलेल्या शब्दांखालीं स्वतःच दबून जाते, असें डेना जॅक यांनीं १९९१ सालीं मांडलें तें याच संदर्भांत.

हें विलायती खूळ म्हणावें, तर विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००२ सालीं प्रसिद्ध केलेली गोव्यांतील पाहणी आहे. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनीं सुमारें २३ टक्के स्त्रियांना विषण्णतेनें ग्रासलें होतें. गरिबी व पतीशीं बेबनाव यांचा संबंध तर दिसलाच. शिवाय बाळ मुलगी कीं मुलगा, यावर इतर कारणांचा जोर बदलत होता.

औषधांना नांवें ठेवण्याचा हेतु नाहीं. लागतील तेथें तीं घ्यावींच. पण अजूनही कित्येक घरांतून डॉक्टरांपुढें लक्षणें सांगतात त्या सासूबाई किंवा यजमान, आणि रोगीण शेजारीं खालीं मान घालून बसलेली असते.