लेखनाचा तिसरा क्षण

मजकूर कागदावर उतरला की लेखन संपले, असा समज सर्वत्र आढळतो. १९६४ साली भोपाळच्या हमीदिया रुग्णालयात रुग्णशय्येवर असलेले गजानन माधव मुक्तिबोध यांचा अनुभव निराळा होता. मराठी मातृभाषेचे हे हिंदी कवी आपल्या दीर्घ कविता पुन्हा पुन्हा लिहीत असत. कलेचे तीन क्षण त्यांनी सांगितले: अनुभवाचा, कल्पनारूपाचा आणि शब्दरूपाचा. तिसऱ्या क्षणी शब्द शोधता शोधता आशयही पालटतो, उजळतो. म्हणून संस्करण म्हणजे केवळ काटछाट नव्हे. आपणांस काय म्हणावयाचे आहे, याचाच तो शोध होय. परंतु आयुष्य अपुरे पडते. त्यांचा पहिला स्वतंत्र काव्यसंग्रह त्याच वर्षी, निधनानंतर, स्नेह्यांच्या हातून सिद्ध झाला. कवीचे राहिलेले काम वाचकापर्यंत पोहोचविणे, हेही संपादनच होय.